उष्टं पाणी

सुलोचनाबाईंच्या नावानं आजवर एकही पत्रक निघालेलं नाही. मी ज्या संघटनेत काम करते तिथं पत्रकं काढणं हेच निम्मं काम. खाण, दारू, फवारणी, वनखात्याची कुंपणं, सगळ्यांवर आम्ही पत्रकं काढली. पण एका रिसॉर्टात चादरी आणि मोऱ्या सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बाईवर पत्रक कोण काढणार? ती पीडित नव्हती, लाभार्थी नव्हती, पुढारी तर नव्हतीच. अशा माणसासाठी सरकारी कागदावर रकाना नसतो आणि खरं सांगायचं तर आमच्या कागदावरही नसतो. म्हणून हे लिहिते आहे.

उमरखेडहून पैनगंगेच्या अंगानं गेलं की रस्ता जंगलाच्या कडेला लागतो. तिथं मोहदरी नावाचं गाव आहे. बोंडअळीची वर्षं चालू होती. कपाशी लांबून पाहिली तर हिरवीगार, आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी वळवळायची. यवतमाळच्या एका जिनिंगवाल्या घरातल्या मुलाला या धंद्यात आता राम नाही हे सगळ्यांच्या आधी कळलं. त्याचं नाव राजूशेठ. त्यानं कापसातून हात काढून घेतला आणि मोहदरीच्या टेकाडावर रिसॉर्ट बांधलं. फाटकावर पाटी लावली, ‘निसर्गस्नेही’. ज्या बाया आधी कापूस वेचायला जायच्या, त्या टेकाडावर पलंगांच्या चादरी बदलायला जाऊ लागल्या.

जागा नीट समजून घ्या, कारण सगळं भांडण उताराचं आहे. वर रिसॉर्ट. त्याच्या पायथ्याशी नाला. नाल्याच्या अलीकडे बौद्ध वस्ती आणि वस्तीची विहीर. नाल्यापलीकडे गाव. वस्तीनं दीक्षा घेतली त्याच्या आधी सुलोचनाबाईंची आई गावच्या विहिरीपासून लांब घागर ठेवून उभी राहायची. कोणाला दया आली तर वरून पाणी पडायचं. दीक्षेनंतर वस्तीनं ठरवलं की आता हे नाही, आणि स्वतःची विहीर खोदली. खोदणाऱ्यांत सुलोचनाबाईंचे वडील होते. खडक लागला तेव्हा गावातले लोक काठावर येऊन हसून गेले होते म्हणे. पाणी लागलं त्या दिवशी कोणी आलं नाही.

मी पहिल्यांदा तिथं गेले ती भांडायलाच. फाटकाशी उभी राहून पत्रकं वाटत होते. मथळा होता, ‘जंगल आमचं, पाणी आमचं, मजा कोणाची?’ कामावर जाणाऱ्या बाया पत्रक घेत, घडी घालून पदरात बांधत. तेवढ्यात एक उंच बाई आली. खळ घातलेली कडक सुती साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, नाकावर चष्मा. हिनं पत्रक घेतलं आणि उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. आमचं पत्रक पूर्ण वाचणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

“आतून पाह्यलं का रिसॉर्ट?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, आतून पाहायची गरज नाही, भांडवल सगळीकडे सारखंच असतं.

“ये, पाह्य, अन् मंग शिव्या दे. राजूशेठले शिव्या म्याही देतो. पन पाहून देतो.”

या सुलोचनाबाई. उमरखेडच्या एका मुलींच्या वसतिगृहात त्यांनी आयुष्यभर स्वयंपाक आणि देखरेख केली होती. तिथून निवृत्त होऊन गावी आल्या आणि राजूशेठनं त्यांना हाउसकीपिंगवर नेमलं. त्यांचा आवाज वसतिगृहाचाच राहिला. सगळे त्यांना आत्याबाई म्हणत, राजूशेठसुद्धा. चहा बशीतून पीत आणि पिताना कोणी बोललं तर बशी खाली ठेवून त्याच्याकडे नुसतं पाहात. दुपारी कामगारांबरोबर कॅरम खेळत आणि उघडउघड लबाडी करत. सोंगटी बोटानं सरकवायच्या आणि म्हणायच्या, वारा आला. रिसॉर्टच्या कॅरमच्या खोलीला खिडकी नव्हती.

त्यांनी मला मागच्या अंगाला नेलं. खोल्यांमधलं आणि स्वयंपाकघरातलं वापरलेलं पाणी आधी एका टाकीत जाई, तिथून गिट्टी आणि वाळूच्या लांबलचक वाफ्यात. त्या वाफ्यात केळी आणि कर्दळ लावलेली होती. पलीकडच्या टोकाला पाणी निघे ते स्वच्छ. खरकट्याचा वेगळा गॅस-खड्डा होता, त्यावर चहाची शेगडी चाले. हे सगळं यवतमाळच्या एका तरुण इंजिनिअरनं बांधून दिलं होतं. तो या पाण्याला ग्रे वॉटर म्हणायचा. वाफ्याजवळच्या पाटीवर सांडपाणी लिहिलेलं होतं. सुलोचनाबाई त्याला उष्टं पाणी म्हणत.

“पाव्हना आंघोय करते, चूळ भरते, ताट धुते. थे उष्टंच झालं नं? आपलं उष्टं दुसऱ्याच्या तोंडाले लावाचं नाई. साफ कराचं, मंग खाली सोडाचं.” आणि झाडांमधून खाली बोट दाखवून म्हणाल्या, “थे पाह्य. थे आमची विहीर.”

त्यांचं पर्यावरण एवढंच होतं. मी चार शिबिरं केलेली, शाश्वत विकासावर तासभर बोलू शकणारी. पण ‘उष्टं’ हा शब्द आमच्या एकाही भाषणात नव्हता. आणि या जिल्ह्यात, त्या वस्तीत, या शब्दाला काय धार आहे ते मला पुढे कळलं.

झालं असं की पुण्याहून ‘निसर्गस्नेही’चं प्रमाणपत्र देणारी मंडळी आली. त्यांनी वाफा पाहिला, खड्डा पाहिला, खूश झाली आणि एक सूचना केली. जेवणावळीतलं उरलेलं अन्न वाया का घालवता, गावातल्या गरजू कुटुंबांना वाटा, फोटो काढा, गुण वाढतील. राजूशेठनं दुसऱ्याच दिवशी फाटकावरच्या पाटीवर ‘उरलेलं अन्न गरजू कुटुंबांना’ अशी ओळ रंगवून घेतली. त्या आठवड्यात डॉक्टरांचं एक संमेलन होतं. जेवणं उरकली तेव्हा परातीत पनीर तसंच पडलेलं. वस्तीतली मंदा, भांड्यांवर होती ती, दोन लेकरांची आई, डबा घेऊन तयारच होती. तिनं डबा भरला. सुलोचनाबाईंनी तो तिच्या हातातून घेतला आणि सगळ्यांदेखत खरकट्याच्या खड्ड्यात उपडा केला.

मंदा आधी रडली आणि मग जे बोलली ते मी विसरणार नाही.

“तुमचं पोट भरेल हाय आत्या, म्हनून तुम्हाले उष्टं दिसते. मले पनीर दिसते.”

  संध्याकाळी मला सुलोचनाबाईंनी सांगितलं, त्यांची आजी गावात दारोदार टोपली घेऊन हाक मारत जायची. लोकांच्या ताटातलं राहिलेलं त्या टोपलीत पडायचं, आणि तो हक्क आहे असं आजीला वाटायचं. दीक्षेच्या दिवशी आजोबांनी ती टोपली चुलीत घातली. हे सगळं आईकडून ऐकलेलं, त्यांना आठवत नव्हतं. त्यांना विहीर आठवत होती. ओल्या मातीची पाटी डोक्यावरून गळायची ते आठवत होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रिसॉर्टात नवा कायदा लावला. स्वयंपाक झाला की पहिलं ताट कामवाल्यांचं निघणार, घरी न्यायचा डबाही तेव्हाच भरणार, आणि मग पाहुण्यांना वाढणार. नांदेडचा आचारी कुरकुरला. राजूशेठ म्हणाला, आत्याबाई, पाहुणे पैसे देतात. त्या म्हणाल्या, मग प्रमाणपत्रवाल्यांना बोलाव, त्यांच्याशी मी बोलते. राजूशेठनं त्यांना बोलावलं नाही. पाटीवरची ‘गरजू कुटुंबांना’ ही ओळ सुलोचनाबाईंनी स्वतः चुन्यानं पुसली. चुना पातळ होता, अक्षरं खालून दिसत राहिली. मंदा पनीर नेऊ लागली, पण सुलोचनाबाईंशी तिचं बोलणं तुटकच राहिलं. डबा खड्ड्यात पडलेला तिनं पाहिला होता.

त्या चुकतही, आणि चुकल्या की त्यांचा राग इतरांवर निघे. बुद्धपौर्णिमेच्या आधी त्यांनी वसतिगृहाच्या सवयीनं सगळं रिसॉर्ट, खरकट्याचा खड्डासुद्धा, फिनाईलनं धुऊन काढलं. बादल्याच्या बादल्या. चार दिवसांत गॅसची शेगडी विझली, वाफ्याला मेलेल्या उंदरासारखा वास सुटला आणि केळीची पानं पिवळी पडली. इंजिनिअर धावत आला. त्यानं डोक्याला हात लावला. घाण खाणारे जंतू फिनाईलनं मरून गेले होते.

“जंतू मारू नका म्हन्ते,” सुलोचनाबाई मला सांगत होत्या, जणू त्यानं धर्मच बुडवला. “आम्ही उभ्या जन्मात दुसरं केलं काय?”

त्या पोराशी त्या कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. त्याला चहा मात्र पाठवत, मंदाच्या हातून. मग एक दिवस रिसॉर्टातलं सगळं फिनाईल कपाटात बंद झालं आणि किल्ली त्यांच्या जुडग्यात गेली. पाहुणे तक्रार करायचे, बाथरूमला स्वच्छतेचा वास येत नाही. त्यांना उत्तर मिळे, “वास पायजे तं येवतमायच्या दवाखान्यात जा.”

आणि तो मे महिना. नागपूरची पोरं आली होती आणि त्यांना रेन डान्स पाहिजे होता. वरून फवारे, खाली गाणी. नाल्याला धूळ उडत होती, वस्तीच्या विहिरीत बादली तळाला टेकत होती. सुलोचनाबाई गेल्या आणि व्हॉल्व्ह बंद करून आल्या. पोरं ओरडली. मॅनेजर धावला. त्या पोरांसमोर पदर खोचून उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “पाऊस पायजे नं बाप्पा? जूनमधी या. फुकट हाय.” पोरं हसली. त्यातल्या एकानं त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला.

हे आठवलं की मला हसू येतं आणि मागोमाग संताप येतो. कारण हे सगळं राजूशेठच्या मर्जीवर उभं होतं. पाहुणे यायचे ते जंगलातला वाघ पाहायला, आणि वाघ रोज दिसत नाही. वाघ दिसला नाही की पाहुणे येत नाहीत. लग्नं मात्र दर हंगामात होतात. राजूशेठला लग्नासाठी लॉन पाहिजे होतं आणि टेकाडावर सपाट जागा एकच होती, केळीच्या वाफ्याची. तो म्हणाला, वाफा काढू, नवं यंत्र बसवू, यंत्र येईपर्यंत पाईप नाल्यात सोडू. सुलोचनाबाईंनी विचारलं, यंत्र कधी? तो म्हणाला, बघू. जिल्ह्यातल्या कुठल्याही कचेरीत एकदा तरी गेलेल्या माणसाला ‘बघू’चा अर्थ सांगावा लागत नाही.

ग्रामसभा भरली. आम्ही पत्रकं घेऊन हजर होतो, घोषणाही दिल्या. कोणी साथ दिली नाही. त्या साली शेतात काहीच नव्हतं. बोंडं अळीनं खाल्लेली, सोयाबीन पावसानं काळं पडलेलं. लॉन म्हणजे मांडवाचं काम, वाढप्यांचं काम, गाड्या लावून देण्याचं काम, सगळा हिवाळा. सुलोचनाबाई उठल्या आणि पाणी उताराकडे कसं जातं ते सांगू लागल्या. गावातलं कोणीतरी मध्येच म्हणालं की शेठ वस्तीला टँकर देणार आहे, मग अडचण काय?

“टँकर येईन,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “पन थे पानी कोनाचं रायनार? आज विहिरीवर कोनाले इचारा लागत नाई. उद्या टँकरवाल्याले इचारा लागन.”

तेव्हा मंदा उभी राहिली. मला वाटलं ही तरी बोलेल. ती बोलली.

“आत्या, विहिरीचं पानी पिऊन पोट भरत नाई. माह्या घरी कामावर मी एकटी हाव. लॉन होऊ द्या.”

मी आजही शोधते की मंदाचं कुठं चुकलं. मला सापडत नाही. राजूशेठचं कुठं चुकलं ते पत्रकाच्या दोन्ही बाजूंवर लिहून देते, पण मंदाचं नाही. हात वर करायला सांगितलं तेव्हा वस्तीतलेही हात वर गेले. सुलोचनाबाईंनी ते सगळे पाहिले. मग चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि सभा संपेपर्यंत बसून राहिल्या. उठून गेल्या नाहीत.

जेसीबी आला तेव्हा केळीला घड लागलेले होते. त्यांनी चालकाला थांबवलं, सगळे घड कापून घेतले आणि कामावरच्या बायांना घरी न्यायला वाटले. मंदाच्या हातात सर्वांत मोठा दिला. मग राजूशेठपुढे किल्ल्यांचा जुडगा ठेवला. तो म्हणाला, असं काय करता आत्याबाई, तुम्ही मला आईसारख्या. त्या म्हणाल्या, “आईले कोनी नोकरीवर ठेवत नाई,” आणि टेकाड उतरल्या.

आम्ही तक्रारी केल्या. तालुक्याला केल्या, जिल्ह्याला केल्या. नमुना घेतला जाईल, असं उत्तर आलं. नमुना घ्यायला माणूस आला तो रिसॉर्टात जेवून गेला. फाटकावर ‘निसर्गस्नेही’ तसंच राहिलं. चुन्याखालच्या ओळीवर पुन्हा रंग दिला गेला आणि आता लग्नातलं उरलेलं अन्न गाडीनं वस्तीत यायला लागलं. गाडी आली की सुलोचनाबाई घरात जाऊन दार लावून घेत. बाकीची दारं उघडी असत. 

पहिल्या लग्नानंतर नाल्याला फेस आला. लेकरं त्या फेसाशी खेळली. पुढे विहिरीच्या पाण्याला साबणाचा वास येऊ लागला, आणि लग्नाच्या तिथी जवळजवळ आल्या तेव्हा दुसराच, कुजका वास. सुलोचनाबाई रोज सकाळी पहिली बादली काढायच्या, ओंजळ नाकाशी धरायच्या आणि बादली झाडाला ओतायच्या. वस्तीला सांगत, उकळून घ्या. पण उकळायला रोज सरपण कुठून आणायचं? मग उलट्या सुरू झाल्या. मंदाच्या धाकट्या मुलीला उमरखेडच्या दवाखान्यात भरती करावं लागलं. सलाईनवर सलाईन लागलं. पोरगी वाचली, पण अंगात काही उरलं नाही.

मुलीला घेऊन मंदा घरी आली त्या दिवशी सुलोचनाबाईंनी विहीर बंद केली. मी तिथं होते. त्यांनी दोर काढला, गुंडाळला, लोखंडी चाक काढून घरात नेऊन ठेवलं. मग बोरीच्या काट्या आणून तोंडावर पसरायला लागल्या. वडिलांनी खोदलेल्या विहिरीवर. मंदा आली आणि काटीचं दुसरं टोक तिनं धरलं.  मंदाच्या हाताला काटा गेला तेव्हा सुलोचनाबाईंनी तिचा हात धरून काटा काढला आणि पुन्हा दोघी कामाला लागल्या.

राजूशेठचा टँकर सुरुवातीला रोज आला. मग लग्नाच्या दिवशी यायचा बंद झाला, कारण लग्नाला पाणी जास्त लागतं. आणि त्या हंगामात लग्न नसलेले दिवस थोडे होते.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गावात. सह्या गोळा करत मी नाल्यापलीकडे गेले होते. गावच्या जुन्या विहिरीशेजारी, जिथं सुलोचनाबाईंची आई लांब घागर ठेवून उभी राहायची, आता सरकारी हापशी आहे. तिथं बायांची रांग लागलेली होती, गावातल्या आणि वस्तीतल्या मिळून. कोणी कोणाला अडवत नव्हतं, ते दिवस गेले. रांगेच्या अगदी शेवटी सुलोचनाबाई उभ्या होत्या. तीच खळीची साडी, कमरेला किल्ल्या नाहीत, पायाशी स्टीलची गुंडी. मला पाहून त्यांनी मान हलवली.

हापशीजवळ गावातल्या मोठ्या घरची एक सून होती. तिनं मागे वळून पाहिलं, स्वतःची भरत आलेली घागर बाजूला सारली आणि हाक मारली, “आत्या, तुम्ही या नं पुढं. वय झालं तुमचं, उनात कायले उभ्या राह्यता? घ्या आधी तुम्ही.”

तिच्या बोलण्यात नुसती माया होती. पुढच्या बाया लगेच बाजूला झाल्या, रांगेत वाट पडली. हापशीपर्यंत सरळ वाट.

सुलोचनाबाईंनी त्या वाटेकडे पाहिलं.

“नाई बाई,” त्या म्हणाल्या. “तू भर. माहा नंबर येऊ दे.”

बाया पुन्हा रांगेत आल्या. हापशी चालू झाली. एक घागर भरली, रांग सरकली. सुलोचनाबाई वाकल्या, गुंडी उचलली आणि पुढच्या बाईच्या मागे एक पाऊल पुढे ठेवली.